श्रुतलेखनाची वही
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मराठी शाळेतील सर्वांत कमी कौतुक झालेला तास कोणता, असे विचारले तर श्रुतलेखनाच्या तासाचे नाव घ्यावे लागेल. त्याला ढाल नव्हती, स्नेहसंमेलनात स्थान नव्हते आणि प्रगतिपुस्तकात स्वतंत्र रकानाही नव्हता. बाई एक वाक्य सलग म्हणत, मग त्याचे तुकडे पाडून सावकाश म्हणत आणि शेवटी पुन्हा एकदा अखंड म्हणत. मुले लिहीत. वह्या गोळा होत आणि दुसऱ्या दिवशी लाल शाईच्या खुणांसह परत येत. ऱ्हस्व-दीर्घाच्या त्या धाकात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाई. तोंडातून काय निघाले आणि कागदावर काय उतरले, यांतील अंतर तेथे रोजच्या रोज मोजले जात होते.

त्याच बाकांवरून उठलेली मुले पुढे बँकेची शाखा सांभाळू लागली, कारखान्याची पाळी पाहू लागली, रुग्णालयाचा विभाग किंवा संगणक कंपनीतील एखादा गट चालवू लागली. आता दिवसाकाठी पन्नास वाक्ये ती सांगतात आणि समोरची माणसे ती ऐकतात. वह्या मात्र कोणी गोळा करीत नाही. जे पोहोचले नाही त्याचा पत्ता लागतो तो चूक घडून गेल्यावर, आणि तेव्हाही खडाजंगी होते ती ‘सांगितले होते’ आणि ‘सांगितले नव्हते’ एवढ्यावरच.

महाराष्ट्राबाहेर राहून मुलाला मराठी शाळेत घालणाऱ्या पालकांच्या मनात एक शंका नेहमी असते. उद्या हे मूल मोठ्या कंपनीत गेले तर चार लोकांत बोलेल कसे? शंका निराधार नाही. इंग्रजी सफाईदार असले तर मुलाखतीत उपयोग होतो, बढतीतही होतो. हे नाकारणे दांभिकपणाचे ठरेल. परंतु ‘संवादकौशल्य’ या नावाखाली आज जे विकले जाते, म्हणजे उभे कसे राहावे, हात किती हलवावेत, वाक्याच्या शेवटी आवाज कोठे न्यावा, त्याचा अधिकाऱ्याच्या खऱ्या कामाशी फारच थोडा संबंध आहे. उत्तम बोलणाऱ्या, उत्तम शिकलेल्या, एकच मातृभाषा असलेल्या माणसांच्या हातूनही संवाद तुटतो आणि त्याची किंमत कधी कधी माणसांच्या प्राणांनी मोजली जाते. त्याचे दाखले पुढे येतीलच.

पहिल्यांदा खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत काय बदलते, हे आधी पाहिले पाहिजे. कालपर्यंत तो चहाच्या टपरीवर इतरांच्या बरोबरीने उभा असे. आज त्याच्या विनोदाला जरा जास्त हशा मिळतो. त्याच्या कानावर येणारी बातमी आता गाळून येते. तिच्यातील कडू भाग वाटेत कोणीतरी काढून ठेवतो. आणि त्याचा सहज बोललेला शब्द हुकूम ठरतो. ‘ही भिंत जरा मळकी दिसते’ असे तो जाता जाता पुटपुटला की दुसऱ्या दिवशी रंगारी शिडी घेऊन हजर. बढतीच्या पत्रात पगार, भत्ते, हुद्दा सारे असते. शब्दांचे वजन वाढल्याची आणि कानांची शक्ती घटल्याची नोंद मात्र तेथे नसते.

त्यातच भाषेचे स्वतःचे चकवे असतात. मराठीत ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला दिवस की येणारा, हे क्रियापदावरून ओळखायचे; हिंदीत ‘कल’ आणि ‘परसों’ दोन्हींची तीच गत. ‘परवाचा अहवाल पाठवा’ या वाक्यात क्रियापदही मदतीला येत नाही. ज्या शहरात घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी चालते तेथे चकवे आणखी वाढतात. ‘आपत्ति हो तो सूचित करें’ अशी नोटीस वाचून नवखा मराठी माणूस पुराची किंवा आगीची वाट पाहत बसेल. हिंदीत तिचा अर्थ एवढाच की हरकत असल्यास कळवावे. हिंदीतील ‘संशोधन’ ही दुरुस्ती, मराठीतील संशोधन ही वर्षानुवर्षांची तपश्चर्या. हिंदीत ‘चेष्टा’ केली तर माणूस प्रयत्नशील ठरतो, मराठीत केली तर अंगावर येते. आणि ‘शिक्षा’ या शब्दाचे दोन भाषांतील दोन अर्थ काहींच्या शालेय जीवनात एकरूप झाले होते, हेही या सभागृहात कोणी नाकारणार नाही.

शब्दांचे हे खेळ हसण्यावारी नेता येतात. पण एका दुपारी अशाच एका वाक्याने ५८३ माणसांचा बळी घेतला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफच्या लहानशा विमानतळावर दोन जंबो जेट विमाने अडकून पडली होती, कारण शेजारच्या बेटावरील मोठ्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने तेथील वाहतूक इकडे वळवली होती. धुके उतरले. धावपट्टीच्या एका टोकाला डच कंपनी केएलएमचे विमान उड्डाणाच्या तयारीत उभे होते. त्याच धावपट्टीवरून अमेरिकेच्या पॅन ॲमचे विमान हळूहळू पुढे येत होते. कोणालाच दुसरा दिसत नव्हता. डच सहवैमानिकाने नियंत्रकाला जे इंग्रजी वाक्य सांगितले त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी आहोत’ असाही होत होता आणि ‘उड्डाण करीत आहोत’ असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला, ‘ओके’ म्हटले आणि थांबण्यास सांगितले. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिकही ‘अजून धावपट्टीवरच आहोत’ असे सांगत होता. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि डच विमानात ऐकू आली ती मुख्यतः एक कर्कश शिट्टी.

तरीही अपघात टळला असता. डच विमानातील फ्लाइट इंजिनिअरने त्या गोंधळातून जेवढे ऐकले तेवढ्यावरून विचारले, की ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का? कप्तानाने ठासून सांगितले, झाले आहे. प्रश्न तेथेच संपला. कप्तान त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ, वैमानिकांना शिकवणारा, जाहिरातीत झळकलेला माणूस. त्याआधी काही क्षणांपूर्वी, परवानगी मिळण्यापूर्वीच त्याने इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिकाने त्याला एकदा अडवले होते. वरिष्ठाला एका दिवसात एकदा टोकता येते. दुसऱ्यांदा टोकायला जी छाती लागते ती फार थोड्यांकडे असते, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

या अपघातानंतर विमान वाहतुकीने दोन धडे घेतले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती काढून घेतानाच वापरायचा. एरवी दुसरा शब्द. आणि परवानगी मिळाली की वैमानिकाने ‘ओके’ म्हणून भागत नाही, त्याने ती परवानगी स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणायची आणि नियंत्रकाने ती तपासायची. म्हणजे श्रुतलेखनच, फक्त वहीऐवजी वाणीने. ज्या कचेरीत ‘समजले ना?’ या प्रश्नाला ‘हो साहेब’ हे एकच उत्तर ठरलेले आहे तेथे ही पद्धत नेण्यास काही खर्च नाही. ‘समजले ना?’ ऐवजी ‘आता सुरुवात कशी करणार, ते सांगा’ असे विचारले की वही उघडते. ‘परवा’ ऐवजी गुरुवार, आणि गुरुवारबरोबर तारीख. ‘लवकर’ ऐवजी दुपारी चार. असे बोलणे थोडे रूक्ष वाटते खरे. पण साहित्याची मजा घ्यायला संध्याकाळ मोकळी आहे.

लिहून ठेवले म्हणजे झाले, असेही नाही. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू काढणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसे मरण पावली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि तेथे तात्पुरते झाकण बसवले होते. कामाच्या परवान्यांची कागदी व्यवस्था होती, परवाना भरलेलाही होता. पण व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही एक गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी पहिला चालू केला. पाळी बदलताना दोन माणसांनी यंत्रापाशी समोरासमोर उभे राहून घालवलेली पाच मिनिटे कोणत्याही नोंदवहीने भरून निघत नाहीत. परिचारिकांना हे कळते. रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून त्या पाळी सोपवतात.

येथपर्यंत गोष्ट कानांची आणि शब्दांची झाली. याहून अवघड भाग आहे तो बोललेले नीट ऐकू आल्यानंतरचा. त्यासाठी २७ जानेवारी १९८६ची संध्याकाळ पाहावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातून ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान सुटणार होते. सात अंतराळवीर, त्यांत एक शाळाशिक्षिका. रात्री कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज आला. यानाचे बाजूचे अग्निबाण मॉर्टन थायोकोल नावाच्या कंपनीने यूटा राज्यात बनवले होते. त्यांच्या सांध्यांत रबराची कडी, म्हणजे ओ-रिंग, बसवलेली असत. गरम वायू बाहेर फुटू नये हे त्यांचे काम. थंडीत रबर ताठरते. आदल्या वर्षी जानेवारीत ५३ अंश फॅरनहाइट तापमानाला, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसला, झालेल्या उड्डाणात त्या कड्यांपलीकडे काजळी गेलेली सापडली होती. म्हणून थायोकोलच्या अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांशी फोनवर बैठक घेतली आणि शिफारस केली की ५३ अंशांखाली उड्डाण करू नये.

फोनच्या तीन टोकांना तीन ठिकाणची माणसे होती: यूटात कंपनी, अलाबामात नासाचे मार्शल केंद्र, फ्लोरिडात प्रक्षेपणस्थळ. सर्वांची भाषा इंग्रजी, शिक्षण उत्तम, हेतूही चांगले. मार्शलच्या अधिकाऱ्यांना शिफारस आवडली नाही आणि नापसंती त्यांनी लपवली नाही. एक अधिकारी ही शिफारस ऐकून हादरल्याचे म्हणाला. पण कंपनीच्या सल्ल्याविरुद्ध आपण उडवणार नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. पहिले वाक्य सर्वांनी ऐकले. पुस्तीचा उपयोग झाला नाही. साहेबाच्या बोलण्यातील शब्द कागदावर राहतात, सूर माणसांच्या मनात राहतो, आणि निर्णय बहुधा सुराप्रमाणे होतात.

कंपनीने पाच मिनिटांची उसंत मागितली. ती सुमारे अर्धा तास चालली. त्या खोलीत रॉजर बॉइसजोली आणि आर्नी थॉम्पसन या दोन अभियंत्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. एकाने कागदावर सांध्याची आकृती काढून दाखवली, दुसऱ्याने काजळीची छायाचित्रे पुढे केली. वरिष्ठ ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीत हे दिसल्यावर दोघेही थांबले. मग चार व्यवस्थापकांनी आपसांत निर्णय घ्यायचे ठरवले. त्यांपैकी अभियांत्रिकी विभागाचा प्रमुख कचरत होता, तेव्हा सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगितले. व्यवस्थापनाच्या इतिहासात याहून घातक सल्ला सापडणे कठीण. ज्ञान ज्या टोपीत होते ती काढून ठेवण्यास सांगितले गेले, आणि उरलेल्या टोपीत काय होते ते दुसऱ्या दिवशी सकाळी जगाने पाहिले. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा, अशी मागणी एरवी होत असे. त्या रात्री अभियंत्यांना उलट विचारले जात होते, की ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा. तेवढी आकडेवारी त्यांच्याकडे नव्हती.

फोन पुन्हा जोडला गेला, शिफारस बदलल्याचे सांगण्यात आले. त्यावर नासाच्या बाजूने सर्वांना विचारले गेले, कोणाचे काही वेगळे मत आहे का? कोणीही बोलले नाही. फ्लोरिडात हजर असलेल्या थायोकोलच्या ॲलन मॅकडोनाल्ड यांनी मान्यतेच्या कागदावर सही करण्यास नकार दिला होता. ती सही यूटाहून मागवण्यात आली. सकाळी उड्डाणाच्या वेळी हवा ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २ अंश सेल्सिअस होती. ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला असेही आढळले की ज्यांनी अंतिम हिरवा कंदील दाखवला त्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत आदल्या रात्रीचा हा विरोध पोहोचलाच नव्हता.

या कथेत मूक, भित्रा, न शिकलेला असा कोणीच नाही. अभियंते बोलले, आकडे मांडले, चित्रे दाखवली. तेव्हा ‘हाताखालच्या माणसांनी धीटपणे बोलायला शिकावे’ असा जो उपदेश नेहमी केला जातो तो अर्ध्यावरच थांबतो. वाईट बातमी सांगण्याचे ओझे ज्याच्याकडे सत्ता नाही त्याच्यावर टाकून चालत नाही. ती ऐकण्याची सोय ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने करायची असते. ‘कोणाची हरकत?’ हा प्रश्न बैठकीच्या शेवटी, निर्णय सांगून झाल्यावर, घड्याळाकडे पाहत विचारला तर त्याला उत्तर मिळणार नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. तोच प्रश्न बैठकीच्या आरंभी, सर्वांत कनिष्ठ माणसापासून आणि वेगळ्या शब्दांत विचारता येतो: ‘हे काम फसले तर पहिल्यांदा कोठे फसेल?’ या प्रश्नाला ‘काही नाही साहेब’ असे उत्तर देता येत नाही. साहेबाने आपले मत शेवटी सांगावे, हा साधा नियमही फार कमी ठिकाणी पाळला जातो, कारण खुर्चीवर बसलेल्याला आधी बोलण्याचा मोह आवरत नाही.

जपानमधील टोयोटाच्या कारखान्यांत हीच सोय एका दोरीने केलेली होती. गाड्या जोडण्याच्या ओळीवर कामगाराच्या हाताशी दोरी असे. काही चुकते आहे असे वाटले की ती ओढायची. दिवा लागे आणि त्या गटाचा प्रमुख तेथे येई. अडचण लगेच सुटली तर ओळ थांबत नसे, नाही सुटली तर थांबे. दोरी विकत आणणे सोपे आहे. ती ओढल्यावर धावत आलेल्या माणसाच्या कपाळावर आठी आहे की नाही, यावर पुढच्या वेळी ती ओढली जाईल की नाही हे ठरते. वाईट बातमी आणणाऱ्याला ‘तुला आत्ताच हे सांगायचे होते?’ असे एकदा म्हटले, की पुढची वाईट बातमी थेट वर्तमानपत्रातून कळते.

टेनेरिफनंतर विमान कंपन्यांनी हीच गोष्ट वैमानिकांना पद्धतशीर शिकवण्यास सुरुवात केली. १९७९ मध्ये नासाने यासाठी कार्यशाळा भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने असे प्रशिक्षण सुरू केले. कप्तानाने विचारायचे, इतरांनी सांगायचे, आणि सांगितलेले टाकून द्यायचे नाही. त्याचे फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसले. त्याच कंपनीच्या विमानाचे मागचे इंजिन हवेत फुटले आणि विमान वळवण्याची सारी यंत्रणा निकामी झाली. कप्तान ॲल हेन्स यांच्याकडे तीस वर्षांहून अधिक अनुभव होता. अशा प्रसंगाचा अनुभव मात्र कोणाकडेच नव्हता. प्रवाशांत बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक मदतीला आला तेव्हा हेन्स यांनी त्याला कॉकपिटमध्ये घेतले आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करण्याचे काम त्याच्या हाती दिले. सू सिटी येथे विमान कोसळलेच, पण विमानातील २९६ जणांपैकी १८४ वाचले. पुढे हेन्स व्याख्यानांतून सांगत, की कप्तानाचेच अंतिम मानण्याच्या जुन्या रीतीने ते विमान तेथवर आले नसते.

आतापर्यंत वर येणाऱ्या शब्दाचा विचार झाला. खाली आणि बाहेर जाणाऱ्या शब्दाचाही एक दाखला घेतला पाहिजे, आणि तो भारतातच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. अग्निबाण दुसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात पडला. कलाम पुढे अनेक ठिकाणी सांगत असत, की उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याचा इशारा दिला होता आणि तो बाजूला सारण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्या दिवशी पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली आणि सहकाऱ्यांवर विश्वास व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी त्याच मालिकेतील अग्निबाणाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा धवन यांनी कलामांना सांगितले, आज पत्रकारांशी तुम्ही बोला.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत उदारतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात उदारतेपेक्षाही उपयोगाचे काही आहे. ज्या संस्थेत अपयशाच्या दिवशी प्रमुख पुढे उभा राहतो तेथे पुढच्या चाचणीत काय चुकले ते लपवण्याचे कारण उरत नाही. धवन त्या दिवशी बोलले पत्रकारांशी. ऐकत होते ते श्रीहरिकोट्यातील शेकडो तंत्रज्ञ. अधिकाऱ्याचे महत्त्वाचे बोलणे पुष्कळदा असे तिसऱ्याच्या समोर होते. ग्राहकापुढे, वरिष्ठांपुढे, पाहुण्यांपुढे तो आपल्या माणसांविषयी काय बोलतो, हे त्यांच्या कानांवर संध्याकाळपर्यंत पोहोचलेले असते.

याउलट, एखाद्याच्या कामातील दोष सांगायचा असतो तेव्हा तिसरा माणूस नको. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरताना कित्येक जण वर्षभर न बोललेले एकदम लिहून मोकळे होतात, किंवा रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपच्या गटात चाळीस लोकांदेखत खरडपट्टी काढतात. दोन्हीमागे समोरासमोर बोलण्याचा भित्रेपणा असतो, मग बाहेरून तो कितीही कडकपणासारखा दिसो. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ या वाक्यावर माणूस स्वतःचा बचाव करतो, आणि तो करणे स्वाभाविकही आहे. ‘या महिन्यात तीन बिले तारखेनंतर गेली, काय अडले?’ या वाक्यावर तो बिलांविषयी बोलतो. मराठीने तर यासाठी अधिकचे एक साधन दिले आहे. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तीन पायऱ्यांवरून चढउतार करताना काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. रोज ‘अरे’ म्हणणारा साहेब एके दिवशी ‘आपण जरा केबिनमध्ये येता का?’ म्हणतो तेव्हा पुढचे काही सांगावे लागत नाही. म्हणून तर ते फार क्वचित म्हणावे.

शेवटी एक पत्र. ते आधुनिक व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकाहून जुने आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणी केलेल्या आपल्या घोडदळाला ते पाठवले होते. पावसाळा तोंडावर होता. वैरण आणि धान्य साठवून ठेवले होते. ‘जपून वापरा, नाहीतर कारवाई होईल’ असे दोन ओळींत लिहून हुकूम सोडता आला असता. महाराजांनी तसे केले नाही. आता हवे तसे उधळले तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन त्यांचे दाणे, लाकूड, भाजी काढू लागाल, मग ते गाव सोडून जातील आणि यांच्यापेक्षा मोगल बरे असे त्यांना वाटेल, अशी कारणांची साखळी त्यांनी कडी न कडी उलगडून दाखवली. आगीचे तर किती बारकावे! स्वयंपाकाची चूल कोठे पेटते, चिलमीचा विस्तव कोठे पडतो, रात्री जळता ठेवलेला दिवा आणि त्याची वात ओढून नेणारा उंदीर. छत्रपतीने उंदराचा विचार करावा, हे वाचताना आजही थबकायला होते. ज्याला छावणी एवढी स्पष्ट दिसते त्याने तेथून येणाऱ्या बातम्या किती कान देऊन ऐकल्या असतील, याचा अंदाज करता येतो.

पत्र कोणाला लिहिले आहे तेही पाहण्यासारखे आहे. ते एकट्या वरिष्ठाला उद्देशून नाही. मायन्यात जुमलेदार आहेत, हवालदार आहेत आणि कारकूनही आहेत.